ग्रंथपालाचा वर्ग शिरूर-दौंडपर्यंत कसा पोहोचला?

ग्रंथालय व माहितीशास्त्राचं ऑनलाइन दूरशिक्षण, असा काहीसा तुमचा विषय असेल आणि पहिलं प्रकरण २०२० पासून सुरू करणार असाल, तर जरा थांबा. माझ्याही पहिल्या आराखड्यात टाळेबंदी आणि मोबाइल एवढंच होतं. मार्गदर्शकांनी विचारलं, "त्याआधी दौंडच्या माणसाला ग्रंथपाल व्हायचं असेल तर तो कुठे जायचा?" मला उत्तर देता आलं नाही. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली. इतिहास म्हणजे मागच्या पाच वर्षांच्या पेपरांचा आढावा, अशीच माझी समजूत!

शोधत गेले तर वाट बडोद्याला पोहोचली. सयाजीराव गायकवाड, जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. त्यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि १९११ मध्ये प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. पुढे १९१५ मध्ये लाहोरला आणि १९२९ मध्ये मद्रासला असेच वर्ग निघाले. मद्रासचे रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, म्हणजे विज्ञानवाल्यांनो, आपण इथे उपरे नाही. पण तिन्हीकडे शिकणाऱ्यानेच घर सोडून वर्गापर्यंत जायचं होतं.

बडोद्यात पुस्तकं मात्र प्रवास करत होती. पेट्यांत भरून ती खेड्यांत पाठवली जात. शिवाय १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीत निघत होतं. दूरशिक्षणाचं बीज इथेच आहे, असं लिहायचा मोह मला झाला. लिहिलं नाही, कारण नियतकालिक म्हणजे अभ्यासक्रम नव्हे: त्यात स्वाध्याय नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. तुमच्या प्रबंधातही अशी जागा येईल. तिथे साम्य आणि संबंध यांत गल्लत करू नका.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. मान्यता, अनुदान आणि अ ते ड असे वर्ग आले, गावोगावी वाचनालयं उभी राहिली. ती चालवणाऱ्यांनी शिकायचं कुठे, हा प्रश्न उरलाच. पत्राद्वारे पदवीची सोय दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्येच केली होती. १९८५ मध्ये इग्नू आलं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि नोकरी न सोडता, मराठीतून ग्रंथालयशास्त्र शिकायची वाट मोकळी झाली. अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र, संमंत्रक हे शब्द तेव्हाचे. इंटरनेटचा पत्ता नव्हता.

आता आपले दोन तालुके. दौंड रेल्वेचं जंक्शन, पुण्याला जायला गाडी आहे. शिरूरला रेल्वेच नाही, सगळी भिस्त नगर रस्त्यावर. पुण्यापासूनचं अंतर जवळपास सारखं, पण रविवारच्या संपर्कसत्राला पोहोचायचा हिशोब वेगळा. त्यात छोटं वाचनालय बहुधा सकाळ-संध्याकाळ उघडं असतं, तेव्हा ते सोडून जायचं कसं? म्हणून नमुना निवड करताना मी किलोमीटरचा रकाना खोडून 'लागणारा वेळ' असा रकाना केला.

प्रात्यक्षिकाचं दुखणं मात्र पुस्तकांच्या पार्सलने सुटलं नव्हतं आणि स्क्रीनने पूर्ण सुटतं असं मला वाटत नाही. ड्युई दशांश वर्गीकरणाचे जाड खंड समोर घेऊन, तक्ते चाळून, एखाद्या अवघड पुस्तकाचा वर्गांक स्वतः काढल्याशिवाय हात बसत नाही. म्हणून प्रश्नावलीत 'इंटरनेट आहे का?' याच्याही आधी 'वर्गीकरणाचं प्रात्यक्षिक कुठे केलंत?' हा प्रश्न ठेवलाय.

शीर्षकाबद्दलही सांगते. यूजीसीच्या २०२० च्या विनियमांत दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण हे दोन वेगळे प्रकार आहेत. दोन्ही शब्द एकत्र वापरलेत तर मौखिकीत पहिला प्रश्न त्यावरच येईल, तेव्हा व्याख्या आधीच द्या. आणि हो, बी.लिब., एम.लिब. दूरशिक्षणातून करता येतं, पण त्याच विनियमांनुसार पीएच.डी. नाही. गाव न सोडता इथवर आलेल्याला पुन्हा पायपीट आलीच.

माझ्या नव्या आराखड्यात पहिलं प्रकरण १९११ पासून सुरू होतं. २०२० चौथ्यात गेलंय.