रनिंग, वय आणि कायदा : जुन्या डिझेल मोटारीच्या मोलाचा इतिहास

जुन्या मोटारींच्या मराठी बाजारात गाडीने आजवर कापलेल्या एकूण अंतराला ‘रनिंग’ म्हणतात, आणि एका लिटरमध्ये ती किती किलोमीटर जाते त्या हिशेबाला ‘ॲव्हरेज’ किंवा ‘मायलेज’ म्हणतात. डिझेल गाडीच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, कारण ॲव्हरेज चांगले म्हणून ती जास्त दाम मोजून घ्यायची आणि भरपूर पळवून तो दाम वसूल करायचा, हेच तिच्या खरेदीमागचे गणित असते. त्यामुळे दहा-बारा वर्षांची असूनही जेमतेम तीस-पस्तीस हजार किलोमीटर चाललेली डिझेल गाडी विक्रीला येते, तेव्हा ती ज्यासाठी घेतली गेली ते काम तिने केलेलेच नसते. अशा गाडीचे मोल कसे ठरवावे हा प्रश्न वरवर मेकॅनिकचा वाटतो. परंतु भारतातील डिझेल मोटारीचा गेल्या साडेचार दशकांचा इतिहास पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. या काळात मूल्यमापनाचा आधार अंतरावरून वयाकडे आणि वयावरून कायद्याकडे सरकत गेला, आणि गाडीची प्रत्यक्ष प्रकृती मात्र हळूहळू मागे पडत गेली.

रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चालले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात मात्र हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने त्यात फवारलेले इंधन पेट घेते. जुन्या डिझेल इंजिनांत हा दाब हवेचे आकारमान सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत आणतो, तर त्या काळच्या पेट्रोल इंजिनात ते आठव्या-नवव्या हिश्श्यापर्यंतच येते. एवढा दाब पेलण्यासाठी डिझेल इंजिनाचे भाग जाड आणि वजनदार ठेवावे लागतात. म्हणून ते महाग पडते, आवाज करते, पण इंधन कमी खाते आणि दीर्घकाळ टिकते. मर्सिडीज-बेंझने १९३६ मध्ये २६० डी ही डिझेल मोटार बाजारात आणली आणि तिला टॅक्सीवाल्यांचा आश्रय मिळाला, हे या गुणधर्मांशी सुसंगतच होते. थोडक्यात, डिझेल मोटार जन्मापासून कष्टाची गाडी होती आणि तिचे मोल तिच्या कष्टांत मोजले जाई.

भारतात अँबेसिडर मोटारीला १९८० च्या सुमारास १,४८९ सीसीचे डिझेल इंजिन बसले. त्याची ताकद जेमतेम ३७ अश्वशक्ती होती, तरीही प्रवासी वाहतूक करणाऱ्यांनी ते स्वीकारले, कारण त्यांना वेगापेक्षा किलोमीटरमागचा खर्च महत्त्वाचा होता. महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजोच्या आराखड्याचे डिझेल इंजिन आले आणि १९९४ मध्ये पुण्यातून टाटा सुमो रस्त्यावर उतरली. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला ‘वडाप’ म्हणतात आणि मराठवाडा-विदर्भात ज्या गाड्या ‘काळी-पिवळी’ म्हणून ओळखल्या जातात, त्या सामायिक प्रवासी वाहतुकीचा कणा अशा जीपगाड्यांनी पेलला. सकाळी स्टँडबाहेर लागलेली गाडी माणसे भरली की सुटायची आणि दिवसभर तालुक्याच्या फेऱ्या मारायची, त्यामुळे वर्षाकाठी तिचे रनिंग घरगुती मोटारीच्या कैक पटींनी वाढत असे.

डिझेल गाडी पारखण्याची बाजाराची पहिली विद्या या व्यवसायातून घडली, आणि ती पूर्णपणे इंजिनाभोवती फिरणारी होती. घेणारा माणूस मेकॅनिकला सोबत आणी. मेकॅनिक गाडी रात्रभर उभी राहिलेली असतानाच पाहण्याचा आग्रह धरी, कारण थंड इंजिन पहिल्या चावीला लागले तर हीटर प्लग, म्हणजे सुरू होताना ज्वलनकक्ष तापवणारे प्लग, शाबूत आहेत आणि दाब उतरलेला नाही, हे दोन्ही एकदम कळे. त्यानंतर इंजिन चालू ठेवूनच तो ऑइल भरण्याचे झाकण काढून उलटे ठेवी. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर जळालेला वायू खाली उतरून त्या तोंडातून धापा टाकल्यासारखा बाहेर येतो आणि झाकण थडथडू लागते. यालाच कारागीर ‘इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ असे म्हणतात. धुराचा रंगही वाचला जाई : काळा धूर इंधन पुरते जळत नसल्याचा, म्हणजे पंप-नोझलच्या कामाचा, आणि निळा धूर ऑइल जळत असल्याचा. या परीक्षेत मीटरवरील आकड्याला दुय्यम स्थान होते, कारण तो आकडा किती सहज बदलता येतो हे सर्वांनाच ठाऊक होते. जुन्या यांत्रिक मीटरला गिअरबॉक्सकडून येणारी एक केबल फिरवीत असे; ती सोडली की गाडी चाले आणि मीटर थांबे. म्हणून पारखणारा आकड्याऐवजी क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर पाही. तीस हजार किलोमीटरच्या गाडीचे ते रबर खाचांसकट राहते, दीड-दोन लाखांच्या गाडीत पायाने घासून ते गुळगुळीत होते किंवा नवेकोरे बसवलेले असते, आणि जुन्या गाडीत नवे रबर ही झिजलेल्या रबराइतकीच बोलकी खूण मानली जाई.

हे चित्र १९९८ च्या अखेरीस टाटा इंडिका आली तेव्हापासून पालटू लागले. पिंपरी-चिंचवडमध्ये तयार होणाऱ्या या छोट्या मोटारीत १,४०५ सीसीचे डिझेल इंजिन होते, आणि तिच्यामुळे डिझेल गाडी प्रथमच मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारात मोठ्या संख्येने उभी राहिली. पुढे कॉमन रेल तंत्र आले. यात एकाच नळीत अतिशय उच्च दाबाखाली साठवलेले इंधन संगणकाच्या हुकमाने नोझलमधून फवारले जाते, त्यामुळे आवाज आणि धूर घटतो आणि ताकद वाढते. फियाटच्या आराखड्याचे १,२४८ सीसीचे इंजिन २००७ मध्ये मारुती स्विफ्टमध्ये बसले. तेच इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार होऊ लागले आणि अनेक कंपन्यांच्या गाड्यांतून देशभर पसरले.

या प्रसारामागे तंत्राइतकाच सरकारी दरांचा हात होता. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे मात्र शेती आणि मालवाहतुकीच्या विचाराने सरकारने रोखून धरले. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर जाते असे धरले, तर किलोमीटरमागे अनुक्रमे ४ रुपये ८७ पैसे आणि २ रुपये ५ पैसे खर्च येतो. म्हणजे डिझेल गाडीसाठी मोजलेले जादा एक लाख रुपये साधारण साडेपस्तीस हजार किलोमीटरमध्ये वसूल होतात. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत डिझेलचा वाटा निम्म्याहून अधिक झाला. ज्यांचे वर्षाचे रनिंग चार-पाच हजारांपलीकडे जात नव्हते, त्यांच्यापैकीही अनेकांनी या लाटेत डिझेल गाडी घेतली, कारण स्वस्त इंधनाचे आकर्षण मोठे होते आणि पुनर्विक्रीचा भावही चांगला मिळत होता. आज बाजारात दिसणाऱ्या कमी चाललेल्या जुन्या डिझेल गाड्यांचे मूळ बहुतांशी या काळात आहे.

जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर थोडा थोडा वाढवण्यास सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तोही नियंत्रणमुक्त झाला. मार्च २०२४ मध्ये दिल्लीतील दर पेट्रोलला ९४ रुपये ७२ पैसे आणि डिझेलला ८७ रुपये ६२ पैसे असे होते. वरचाच हिशेब लावला तर किलोमीटरमागची बचत २ रुपये ८२ पैशांवरून १ रुपया ९३ पैशांवर उतरते, आणि लाखभर रुपये वसूल व्हायला जवळपास बावन्न हजार किलोमीटर लागतात. वर्षाला चार-पाच हजार चालवणाऱ्या मालकाला ही वसुली दहा वर्षांतही होत नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक मानक लागू झाल्यावर छोटी डिझेल इंजिने आणखी महाग पडू लागली आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले.

दरम्यान वयाचा हिशेब विम्याच्या मार्गाने रूढ झाला होता. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त किती भरपाई मिळेल, ती रक्कम ‘आयडीव्ही’ या नावाने पॉलिसीवर छापलेली असते. तिचे कोष्टक ठरलेले आहे : सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के घट, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाचपर्यंत पन्नास टक्के; त्यापुढे विमाकंपनी आणि मालक यांच्या सहमतीने रक्कम ठरते. या कोष्टकात रनिंगला जागा नाही. दहा हजार किलोमीटर चाललेली आणि लाखभर चाललेली अशा एकाच वयाच्या दोन गाड्या त्याच्या दृष्टीने समान आहेत. विम्यापुरते हे सोयीचे असले, तरी खरेदी-विक्रीतही आयडीव्हीचा आकडा पुढे करून भाव बोलला जाऊ लागला आणि मेकॅनिकच्या कानाची जागा हळूहळू कागदाने घेतली.

वयाच्या या हिशेबाला कायद्याचे बळ मिळाले ते हवेच्या प्रदूषणामुळे, आणि त्यामागची काळजी खरी होती, कारण जुन्या डिझेल इंजिनाच्या धुरातील सूक्ष्म काजळी फुप्फुसांत खोलवर जाते. मुंबईत या शतकाच्या प्रारंभी उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. पुढे राज्य सरकारने मुंबईतील टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा घातली. तिच्यामुळेच २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची प्रीमिअर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सेवेतून बाहेर पडली. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली व राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. या एका निर्णयाने तेथील डिझेल गाडीच्या मोलाला शेवटची तारीख मिळाली. नवव्या वर्षी उत्तम स्थितीत असलेली गाडी तिथे कवडीमोल ठरू लागली, आणि ‘एनओसी’, म्हणजे दुसऱ्या राज्यात नोंदणी करण्यासाठीचे ना-हरकत प्रमाणपत्र, घेऊन अशा गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणी व शुल्कानंतर तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते; त्यामुळे दिल्लीत आयुष्य संपलेल्या गाडीला इथे काही वर्षे शिल्लक उरत. एकाच गाडीचे दोन शहरांतील मोल इतके भिन्न असावे, यातच कायदा हा मूल्यमापनाचा किती मोठा घटक झाला आहे हे दिसते.

अंतर, वय आणि कायदा या तिन्ही मापांतून निसटणारी गोष्ट म्हणजे उभ्या राहिलेल्या गाडीची झीज. डिझेल पंपाचे आतले भाग इंधनानेच वंगण घेतात. गाडी महिनोन्‌महिने हलली नाही तर रबरी सील सुकतात, टाकीच्या तळाला पाणी जमते आणि तेच पाणी नोझलच्या बारीक छिद्रांपर्यंत गंज नेते. टायरच्या नक्षीची झीज झालेली नसली तरी रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात, म्हणून टायरच्या कडेवरील चार अंकी खूण वाचावी लागते : पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो पट्टा अंतराइतकाच वर्षांनीही म्हातारा होतो, आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. बीएस-६ गाड्यांत काजळी अडवणारी एक गाळणी असते. ती स्वच्छ होण्यासाठी इंजिन बराच वेळ तापून चालावे लागते, आणि भाजीबाजारापर्यंतच्या फेऱ्यांत ते कधी तापतच नाही. म्हणून वर्षाला तीन हजार किलोमीटर चाललेली गाडी दर महिन्याला एकदा लांब हमरस्त्यावर जाऊन आली असेल तर तिचे रनिंग ही खरी शिल्लक असते. तेच तीन हजार दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांचे असतील तर तो आकडा दिसायला लहान, पण इंजिनाच्या लेखी मोठा असतो.

अशा गाडीचे न्याय्य मोल ठरवताना इतिहासाने शिकवलेला क्रम उपयोगी पडतो. आधी कायद्याने तिला त्या गावात किती वर्षे उरली आहेत हे पाहावे, कारण त्यापलीकडे कोणतीही प्रकृती विकली जात नाही. नंतर पुढचा मालक तिला वर्षाला किती पळवणार आहे याचा हिशेब करावा, कारण कमी पळवणाऱ्याला ही गाडी पहिल्या मालकाइतकीच अपुरी ठरेल. मग सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत का ते पाहून वयानेच संपलेल्या वस्तूंचा, म्हणजे टायर, बॅटरी, पट्टे, नळ्या आणि कूलंट यांचा, खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करावा. आणि शेवटी, वडापच्या काळातला तो मेकॅनिक करीत असे तसे, थंड इंजिनाला चावी लावून झाकण उलटे ठेवावे. मीटर अंतर सांगते, पॉलिसी वय सांगते, नोंदणीपुस्तक मुदत सांगते. परंतु ही गाडी उरलेल्या मुदतीत डिझेल गाडीचे काम करू शकेल का, याचे उत्तर आजही त्या झाकणावर ठेवलेल्या हाताला जितके कळते तितके कोणत्याच कागदाला कळत नाही.