पाइकची काठी आणि वजनाचा हेत्वाभास

पाइक हा युरोपातल्या गोड्या पाण्यातला नावाजलेला शिकारी मासा. लांबोडे अंग, शेपटीजवळ सरकलेला पाठीचा पर, चपटे तोंड आणि त्यात आत वळलेले शेकडो दात. नकली आमिष फेकायचे, ते पाण्यातून जिवंत भासेल असे ओढत आणायचे आणि पाइकला त्यावर झडप घालायला लावायची, हा छंद ब्रिटन, आयर्लंड, हॉलंड, स्वीडन या देशांत चांगलाच रुजलेला आहे. तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी माणसाला हा नाद लागला, तर दुकानात आणि तळ्याकाठी त्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: मासा दांडगा आहे, काठी दणकट घे, बाकीचे सामान हळूहळू जमव.

या मताचा पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. पाइक मोठा होतो हे खरेच. 1986 साली जर्मनीत ग्रेफर्न इथे सुमारे 25 किलोचा पाइक मिळाला आणि तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. 1992 मध्ये वेल्समधल्या लँडेगफेड जलाशयात 46 पौंड 13 औंसांचा पाइक सापडला, तोही नकली आमिषावर. असा मासा पाणवनस्पतीत घुसला तर त्याला बाहेर ओढायला ताकद लागते. शिवाय नाजूक सामानावर मासा फार वेळ झुंजतो, दमतो आणि सोडून दिल्यावरही मरू शकतो. म्हणून भारी काठीच माशाच्याही हिताची, असा हा युक्तिवाद.

यातला पहिला दोष गृहीतकात आहे. माशाचे वजन आणि काठीवर येणारा ताण एकच, असे इथे न बोलता धरलेले आहे. पाण्यातल्या माशाला वजन जवळजवळ नसतेच. पोटातल्या वाताशयामुळे तो तरंगता असतो. काठीला जाणवतो तो त्याच्या शेपटीचा जोर, आणि तो जोर काही सेकंदांच्या मुसंडीत सरतो. मागे सरकलेला तो पर अशा मुसंडीसाठीच आहे. लांब पल्ल्याची दौड हा पाइकचा पिंड नव्हे. उलट बाजूने, माणूस काठीने किती ताण देऊ शकतो हेही तपासता येते. दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली दोरीच्या टोकाला बांधून जमिनीवर ठेवावी आणि आठ फुटी काठीने, रीळ न फिरवता, उचलून पाहावी. काठी पार वाकते, मनगट भरून येते आणि बाटली जेमतेम हलते. प्रत्यक्ष झुंजीत दीड-दोन किलोचा ताण म्हणजे भरपूर झाला. तेवढा ताण मध्यम काठीही देते. तेव्हा झुंज किती लांबते हे काठीवर छापलेल्या आकड्यावर ठरत नाही. रिळाचा ब्रेक किती आवळला आहे आणि धरणारा किती नेटाने रेटतो, यावर ठरते.

मग काठीवर तो ग्रॅमचा आकडा कशासाठी छापतात? तो माशाचा नसतोच, फेकायच्या आमिषाचा असतो. फेकताना आमिषाच्या वजनाने काठी मागे वाकते आणि सरळ होताना आमिष पुढे उडवते. काठी वाकलीच नाही तर सगळे काम खांद्याला करावे लागते. नवशिक्याच्या डबीत साधारण काय असते? वीस-पंचवीस ग्रॅमचे चमचे, फिरकीचे पाते, दहा-बारा सेंटिमीटरचे रबरी मासे आणि त्यांचे शिशाचे डोके. 60 ते 120 ग्रॅमच्या काठीवर यातले काहीच धड उडत नाही. आमिष पंधरा मीटरवर पडते, ओढताना त्याची थरथर हातात कळत नाही, आणि तासाभरात मनगट दुखू लागते. मासा लागण्याचा क्षण दिवसातून एखादा. फेक मात्र शेकडो वेळा करायची. जे शेकडो वेळा करायचे त्याला सोयीचे साधन निवडायचे सोडून, जे एकदा घडेल न घडेल त्याच्या धाकाने निवड करायची, हा कुठला न्याय?

ताठ काठीचा आणखी एक तोटा या मताचे पुरस्कर्ते विसरतात. पाइक पुष्कळदा आमिषामागे थेट काठापर्यंत येतो आणि पायाशीच झडप घालतो. तिथे दोरी उरते दोन-तीन मीटर. विणीची दोरी ताणली जात नाही. वर काठीही वाकली नाही तर त्याने डोके झटकताच गळ सुटतो. टोकाला मऊ आणि मुळाशी भक्कम अशी काठी तो झटका पचवते.

पण म्हणून विरुद्ध टोकाच्या पक्षाला जाऊन मिळावे असेही नाही. हलक्या सामानातच खरी गंमत, बारीक दोरीच लांब जाते, असे म्हणणारेही पुष्कळ. दोरीच्या बाबतीत पहिल्या पक्षाचा निष्कर्ष बरोबर आहे, त्याचे कारण तेवढे चूक आहे. तीस पौंडांची विणीची दोरी घ्यावी, ती पाइक तेवढ्या जोराने ओढतो म्हणून नव्हे. फेकताना रिळावर दोरीचा वेढा अडकला की उडत्या आमिषाचा झटका बसतो आणि बारीक दोरी फाटकन तुटते. गाठीत जोर कमी होतो, दगडावर घासून धागे उसवतात, बुडालेल्या फांदीत आमिष अडकले की खेचून काढावे लागते. या सगळ्यांना पुरून उरायला जाड दोरी हवी. तंगूस स्वस्त पडतो, पण तो ताणला जातो. त्यामुळे दूरवरच्या आमिषाला हाताची हालचाल नीट पोचत नाही.

दोरीच्या टोकाला तारेचा तुकडा हवाच, साधारण एक फूट लांबीचा. ‘तार दिसली की मासा बिचकतो, जाड फ्लुरोकार्बन पुरे’ हे मत दुकानांतून फिरत असते. पाइक आमिषावर झेपावतो तो त्याच्या चमकीला आणि हालचालीला भुलून. पुढची तार न्याहाळत बसायला त्याला सवड नसते. फ्लुरोकार्बन दातांवर कधी टिकतो, कधी कापला जातो. कापला गेला तर तिहेरी गळ तोंडात घेऊन मासा निघून जातो, आणि ती किंमत तो मोजतो.

आता ‘बाकीचे सामान हळूहळू’ या वाक्याकडे येऊ. या मताचा सर्वांत घातक भाग हाच. इंग्लंडमधल्या नद्यांतून दिवसाला 65 सेंटिमीटरपर्यंतचा एकच पाइक नेता येतो. त्याहून मोठा परत सोडावाच लागतो, आणि बहुतेक छंदिष्ट सगळेच सोडतात. म्हणजे मासा काठावर आला की काम संपत नाही, खरी परीक्षा तिथे सुरू होते. ओल्या केलेल्या जाड मॅटवर मासा आडवा ठेवायचा. डाव्या हाताची दोन बोटे कल्ल्याच्या झाकणाखालून, लाल कल्ल्यांना न लावता, हनुवटीच्या हाडाकडे सरकवायची. डोके किंचित उचलले की जबडा आपोआप उघडतो. मग लांब चोचीच्या पक्कडीने गळ धरून उलटा फिरवायचा. निघत नसेल तर कटरने त्याची टोके छाटायची. हे सगळे सामान जवळ असेल तर काम मिनिटाचे. नसेल तर घाबरलेला माणूस मासा गवतावर टाकून रुमालाने धरू पाहतो, आणि मासा हवेत गुदमरत राहतो. माशाच्या हितासाठी भारी काठी सांगणाऱ्यांनी पक्कड पुढच्या महिन्यावर ढकलावी, हा वदतोव्याघात आहे.

तेव्हा उत्तरपक्ष असा. काठी आमिषाच्या वजनावरून ठरवावी, दोरी अडथळ्यांवरून, तार दातांवरून आणि हत्यारे गळ काढण्याच्या कामावरून. माशाच्या आकारावरून ठरवायच्या वस्तू दोनच, हातजाळे आणि मॅट. त्या मात्र खुशाल मोठ्या घ्याव्यात, जाळे रबराचा लेप दिलेले असावे. कोणी म्हणेल, मोठ्या पाइकसाठी शंभर ग्रॅमची आमिषे वापरतात, त्याचे काय? त्यांना भारी काठी लागतेच, आमिष भारी म्हणून. पण ती दुसरी काठी. पहिल्या वर्षी तिची गरज नाही.

प्रत्यक्ष खरेदीला निघणाऱ्याने पैसे मोजण्याचा क्रम उलटा करावा. आधी पक्कड, कटर, मॅट, हातजाळे आणि तारेचे चार-पाच तुकडे. मग तीस पौंडांची दोरी आणि 3000 किंवा 4000 आकाराचे साधे रीळ. उरलेल्या पैशात साडेसात-आठ फुटांची, 20 ते 60 ग्रॅमची मध्यम काठी आणि आमिषे चार. पैसे कमी पडले तर काठी स्वस्तातली चालेल आणि आमिषे दोन पुरतील; पहिल्या ओळीतल्या सामानात मात्र काटकसर नको.