खेळाचं औषध : बोर्डीचं अंगण, किल्लारीची गल्ली आणि उसाचा फड

दिवाळी झाली की आपल्या भागातली गावं अर्धी रिकामी होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. उचल किती, कोयते किती, मुकादम कोण, यावर आम्ही पत्रकार दरवर्षी बातम्या लिहितो. ट्रॉलीवरच्या त्या लेकराच्या मनात काय चाललंय, याची बातमी होत नाही. म्हणून आज जरा इतिहास सांगतो. पोस्ट लांबेल, पण वाचा.

लहान लेकराला दुःख झालं तर ते सांगत नाही, खेळून दाखवतं. आपल्या आज्ज्यांना हे पुस्तक न वाचता ठाऊक होतं. भातुकलीत पोरगी बाहुलीला जे बोल लावते, ते तिनं कुणाकडून ऐकलेले असतात ते घरातल्यांना बरोबर कळतं. पंचमीला माहेरी आलेल्या पोरी झोका घ्यायच्या, फेर धरायच्या आणि सासूची सगळी उणीदुणी गाण्यातून काढायच्या. त्या काळी सासरी नांदणाऱ्या कित्येक जणी बारा-तेरा वर्षांच्याच असायच्या. म्हणजे लेकरंच ती. घरात बोलायची सोय नव्हती, फेरात होती.

डॉक्टर लोक या वाटेवर आले त्याला शंभरेक वर्षं झाली. मेलानी क्लाईन या बाईंनी आधी बर्लिनला आणि १९२६ नंतर लंडनला, लहान लहान लाकडी खेळणी लेकरांपुढं ठेवून त्यांच्या मनातली भीती ओळखायला सुरुवात केली. लंडनमध्येच मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली दवाखाना काढला. तिथं वाळूचा ट्रे आणि घरं, झाडं, जनावरं, माणसं अशी बारकी खेळणी असायची. लेकरानं वाळूत आपलं जग मांडायचं. कुणी घराभोवती कुंपणच कुंपण घालतं, कुणी सगळी माणसं वाळूत पुरून टाकतं. पुढं अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाईन यांनी १९४७ च्या पुस्तकात पद्धतच लिहून ठेवली. खेळ लेकरानं ठरवायचा, मोठ्यानं घाई करायची नाही, शहाणपण शिकवायचं नाही. फक्त सोबत बसायचं, त्याला काय वाटतंय ते ओळखून बोलायचं आणि मारामारी-मोडतोड होणार नाही एवढी हद्द पाळायची. ऐकायला सोपं आहे. आपल्याला जमत नाही, कारण लेकरू खेळायला लागलं की आपण आधी पाढे विचारतो.

आता महाराष्ट्रात या. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करून आल्या आणि १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांत त्या विधवा झाल्या. बालपण तुटणं काय असतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बोर्डीत गरिबाची लेकरं शाळेत येईनात. मग या बायांनी शाळाच त्यांच्या वस्तीत, घराच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच आला. महागडी परदेशी खेळणी परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं यांचीच साधनं केली. पुढं कोसबाडला गेल्यावर गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतात तिथंच. लेकरू जिथं आहे तिथं खेळ न्यायचा, हा त्यांचा हिशोब होता.

सरकारनं १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी देशभर गेली. नाव गेलं, वजनकाटा गेला, खिचडी गेली. खेळ मात्र वाटेतच कुठंतरी उतरला असं माझं मत आहे. दोष सेविकाताईंचा नाही. रजिस्टर भरता भरता त्यांचा दिवस मावळतो.

आमच्या वयाच्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत असेल. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप. शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत जवळपास १०,००० माणसं गेली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं १,२०० लेकरं पुण्याला शिकायला नेली, हे मोठं काम झालं. ५२ गावं नव्या जागी वसवली. पत्रे, भांडी, घरं यांचा हिशोब झाला. पण नव्या गावांत सरळ रुंद रस्ते आले, घरं लांब लांब पडली आणि जुनी अरुंद गल्ली गेली. गल्ली गेली म्हणजे लेकरांच्या खेळाची जागा आणि ओसरीवर बसून त्यांच्याकडं लक्ष ठेवणारी म्हातारी, दोन्ही गेलं. गाव मांडताना याचा विचार व्हायला पाहिजे होता.

आता फडावर बघा. कोपीत तान्ह्याला सांभाळते आठ वर्षांची बहीण. तिची भातुकली खरीच झालीय, चूल खरी, लेकरू खरं. जी लेकरं मागं राहतात ती आजी-आजोबांकडं, हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर. २०२१ साली संत भगवान बाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजनाही आली. चांगलंच आहे. पण सहा महिने आई-बाप नसलेलं लेकरू रात्री अंथरूण ओलं करतं, वर्गात गप्प बसतं, नाहीतर उगाच कुणालाही मारतं. त्याला आपण ‘व्रात्य’ म्हणतो.

एक सांगतो, खेळ म्हणजे जादू नाही. लेकरू आठवडेच्या आठवडे बोलत नसेल, जेवत नसेल तर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, तिथं न्या. लाजायचं काही कारण नाही.

पण त्याच्या आधीचं काम गावातच होण्यासारखं आहे. वाळूला तोटा नाही. मातीचे बैल, चिंध्यांच्या बाहुल्या, लाकडी ट्रॅक्टर, दोन कोप्या, एक घर, एवढं एका पेटीत मावतं. रोज संध्याकाळी तासभर ती पेटी उघडायची आणि घाई न करणारी एक ताई जवळ बसवायची. धर्मापुरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, यंदाचे कोयते हलायच्या आधी तुमच्या बैठकीत हा विषय घ्या. कुठल्या गावानं घेतला ते कमेंटमध्ये कळवा, मी बघायला येतो.