सर्व्हिसिंगच्या बिलातला इतिहास

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात आमच्या एका सहकाऱ्यांनी शिक्षककक्षातल्या टेबलावर एक बिल ठेवले. गाडी तीन वर्षांची, चाललेली बावीस हजार किलोमीटर, तक्रार काहीच नाही. करमाडहून सकाळी शहरात नेहमीच्या सर्व्हिसिंगला दिली आणि संध्याकाळी परत आणली. ऑईल, ऑईल फिल्टर आणि मजुरी यांखेरीज बिलात आणखी चार ओळी होत्या : इंजिन फ्लशिंग, डीकार्बोनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग आणि चारही चाकांत नायट्रोजन. या चार ओळींची बेरीज मूळ कामाच्या खर्चापेक्षा जास्त भरत होती. "हे सगळं करावंच लागतं का हो, सर?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकालाही त्याचे उत्तर चटकन देता आले नाही.

मग आम्ही जुनी पुस्तके चाळली, रस्त्यावरच्या एका वयस्कर मिस्त्रींशी बोललो, आणि एक गोष्ट लक्षात आली. या चार ओळींपैकी एकही निव्वळ थाप म्हणून जन्माला आलेली नाही. प्रत्येकीला कधी ना कधी, कुठे ना कुठे खरे कारण होते. पुढे यंत्र बदलले, तेल बदलले, कारण संपले किंवा फार कमी उरले. ओळ मात्र बिलावर राहिली.

आपल्या भागापुरते बोलायचे तर सुरुवात स्कूटरपासून करावी लागेल. बजाजची चेतक १९७२ मध्ये बाजारात आली आणि १९८५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेजवळ वाळूजला कंपनीचा कारखाना सुरू झाला. त्या काळी जालना रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजात दुपारच्या वेळी डोकावले, तर एखाद्या स्कूटरचे हेड उघडून पडलेले दिसायचेच. चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक. अशा इंजिनात वंगणासाठी वेगळा तेलाचा साठा नसतो. लिटरमागे वीसेक मिलिलिटर तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. पेट्रोलबरोबर तेही जळते, पण पुरते जळत नाही. मागे राहिलेला कार्बन दट्ट्याच्या माथ्यावर, सिलिंडरच्या भिंतीतल्या धूर बाहेर जाण्याच्या खिडकीत आणि सायलेन्सरमध्ये थरावर थर साचत जातो. खिडकी अरुंद झाली की इंजिन गुदमरते आणि चढावर स्कूटर दम टाकते. मग मिस्त्री हेड उघडून थर खरवडून काढत आणि सायलेन्सर आगीत धरून आतली काजळी जाळून टाकत. 'डीकार्ब' हा शब्द त्या दिवसांतला. हे काम अनावश्यक तर नव्हतेच, उलट चुकवले तर गाडी बंद पडे. प्लगवर काजळी धरे म्हणून डिकीत एक जादा प्लग बाळगायची पद्धत होती. (किक मारण्याआधी स्कूटर आडवी करण्याच्या विधीबद्दल स्वतंत्र लेख लिहिता येईल!)

त्यात पेट्रोलमध्ये शिसे असे. टेट्राएथिल लेड मिसळल्याने इंजिनाचा खडखडाट थांबे, पण शिशाची संयुगे प्लगवर आणि झडपांवर बसत. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे बंद झाले. त्याच वर्षी प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोकची पीछेहाट सुरू झाली. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळे राहते, ते जाळण्यासाठी नसतेच. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर दुचाकींमधूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. किती पेट्रोल आत सोडायचे ते आता संवेदक आणि संगणक मिळून ठरवतात. मिश्रण नेमके राहते म्हणून काजळीही कमी. थेट ज्वलनकक्षात पेट्रोल फवारणाऱ्या काही मोटारींत झडपांवर थर साचण्याचा प्रश्न खरा आहे, हे नोंदवले पाहिजे. भेसळीच्या इंधनाने इंजेक्टर तुंबू शकतो, हेही खरे. पण तेव्हा गाडी काहीतरी सांगते : झटके देते, पेट्रोल जास्त पिते, डॅशबोर्डवर दिवा लावते. काहीच तक्रार नसलेल्या तीन वर्षांच्या गाडीला चेतकचे औषध का पाजावे?

इंजिन फ्लशिंगची कथा याहून जुनी आहे. मोटारीच्या आरंभीच्या दशकांत वंगणतेल म्हणजे नुसते खनिज तेल असे. ज्वलनातून आलेली काजळी त्यात तरंगत राहत नसे. ती तळाशी बसून तिचा चिखल होई. ऑईल काढले तरी चिखल आतच राही, म्हणून पातळ तेल घालून इंजिन धुऊन काढण्याला अर्थ होता. १९४० च्या दशकात तेलात निर्मलक आणि विखुरक द्रव्ये मिसळण्याचा प्रघात वाढला आणि चित्र पालटले. ही द्रव्ये साबणासारखी वागतात. काजळीच्या कणाला वेढून घेतात आणि त्याला दुसऱ्या कणाला चिकटू देत नाहीत. कण तेलातच तरंगतात आणि ऑईल बदलताना त्याच्याबरोबर बाहेर जातात. म्हणजे नियमित ऑईल बदलणे हेच आता फ्लशिंग झाले.

याचा एक परिणाम असा, की चांगले तेल लवकर काळे दिसते. गॅरेजात डिपस्टिक पुसून दाखवतात आणि "बघा, किती काळं झालंय" म्हणतात, तेव्हा आपण घाबरतो. वास्तविक तेल आपले काम करीत असल्याची ती खूण असते. वर्गात हे सहज दाखवता येते. दोन परीक्षानळ्यांत पाणी घ्या, दोन्हींत चिमणीची चिमूटभर काजळी टाका, आणि एकीत थोडी धुण्याची पावडर घाला. दोन्ही सारख्याच हलवून स्टँडवर ठेवा. साध्या पाण्यात काजळी गोळा होऊन वर तरंगते किंवा खाली बसते आणि मधले पाणी बरेच स्वच्छ दिसते. साबणाच्या नळीतले पाणी मात्र बराच वेळ काळे राहते. यांतली कोणती नळी इंजिनात असावी, हा प्रश्न मुलांना विचारून पाहा. आमच्या वर्गात बहुतेक हात आधी स्वच्छ दिसणाऱ्या नळीकडे गेले.

तेल बदलूच नये, असा याचा अर्थ अर्थातच नाही. त्यातली द्रव्ये हळूहळू खर्ची पडतात. मात्र कधी बदलायचे ते रंग सांगत नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतले किलोमीटर आणि महिने सांगतात.

आता नायट्रोजन. ही ओळ विमानातून उतरून आपल्या चाकांत शिरली. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ विमान मेक्सिको सिटीहून उडाल्यावर थोड्याच वेळात कोसळले आणि त्यातले सर्व १६७ जण मरण पावले. एका चाकाचा ब्रेक घासत राहून प्रचंड तापला होता आणि त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. अति तापमानाला टायरच्या आतल्या रबरातून ज्वलनशील वायू सुटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मोठ्या विमानांच्या चाकांत नायट्रोजन सक्तीचा केला. कारण किती गंभीर होते पाहा. पण करमाड ते शेंद्रा जाणाऱ्या मोटारीचे चाक त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

"उन्हाळ्यात नायट्रोजनचा दाब वाढत नाही", असे पंपावर सांगतात. दहावीच्या विद्यार्थ्यालाही हे तपासता येईल. टायरमध्ये ३० पीएसआय दाब आहे, म्हणजे वातावरणाचा धरून एकूण सुमारे ४५. तापमान २७ अंशांवरून ५७ अंश सेल्सिअसला गेले, म्हणजे ३०० केल्विनचे ३३० झाले, तर एकूण दाब दहा टक्क्यांनी वाढून साडेएकोणपन्नासच्या आसपास जाईल. काटा साडेचौतीस दाखवेल. वायू कोरडा असला की हवा काय आणि नायट्रोजन काय, हिशेब एकच. शिवाय हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो. चपटे झालेले चाकही रिकामे नसते, त्यात एक वातावरण दाबाची हवा असतेच. तीवर दोन वातावरण शुद्ध नायट्रोजन भरला, तरी मिश्रण सुमारे ९३ टक्क्यांचे होते. एक फायदा मात्र खरा : नायट्रोजन रबरातून जरा सावकाश झिरपतो. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने ३१ प्रकारच्या टायरांवर वर्षभर चाचणी करून २००७ मध्ये निष्कर्ष दिला. हवेच्या टायरांचा दाब वर्षात सरासरी ३.५ पीएसआय उतरला, नायट्रोजनच्या टायरांचा २.२. फरक सव्वा पीएसआयचा. महिन्यातून एकदा हवा तपासणाऱ्याला त्याची गरज नाही, आणि जो कधीच तपासत नाही त्याला नायट्रोजनही वाचवणार नाही.

मग या ओळी टिकून का राहतात? रोगनिदान करणारा आणि औषध विकणारा एकच असतो, हे मूळ. १९७३ मध्ये मायकल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा सेवांचा वेगळा वर्ग मांडला. त्यात सेवा घेतल्यानंतरही ग्राहकाला ती खरोखर लागत होती की नाही हे कळत नाही. नासका आंबा घरी आल्यावर तरी कळतो. नको असलेले फ्लशिंग केल्यावर गाडी आधीसारखीच छान चालते आणि श्रेय फ्लशिंगला जाते!

त्याही आधी, १९४१ मध्ये, 'रीडर्स डायजेस्ट'ने एक गमतीदार प्रयोग छापला होता. मोटारीची एक तार मुद्दाम सैल करून ती अमेरिकेतल्या ३४७ गॅरेजांत नेली. तार पुन्हा जोडणे एवढेच काम. सुमारे ६३ टक्के गॅरेजांनी जादा पैसे घेतले, नको ते भाग घातले किंवा न केलेल्या कामाचे बिल लावले. यावरून मिस्त्री जातच लबाड, असे म्हणणे सोपे आहे. पण १९९२ चे कॅलिफोर्नियातले प्रकरण अधिक शिकवून जाते. तिथल्या सरकारी मोटारदुरुस्ती विभागाने सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीच्या दुरुस्ती केंद्रांत गुपचूप गाड्या पाठवल्या. ३८ पैकी ३४ वेळा अनावश्यक काम सुचवले किंवा केले गेले. चौकशीत दिसले ते असे, की कर्मचाऱ्यांना अमुक इतके भाग विकण्याचे उद्दिष्ट होते आणि विक्रीवर कमिशन होते. कंपनीच्या अध्यक्षांनी या पद्धतीतून चुका घडल्याचे मान्य केले आणि गाडी घेऊन सल्ला देणाऱ्यांचे कमिशन बंद केले. माणसे तीच राहिली, पगाराचे सूत्र बदलले.

आपल्याकडे दुसरे मत घ्यायची जुनी सोय म्हणजे रस्त्यापलीकडचा मिस्त्री. पण त्याच्याकडे अस्सल सुटे भाग आणि संगणकीय तपासणीचे यंत्र नसेल, तर तो काय मत देणार? एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने नेमका हाच मुद्दा तपासला आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना भाग आणि माहिती मिळू न देणे, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. महाराष्ट्रात ग्राहकांची संघटित चळवळ तशी जुनीच. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये, म्हणजे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या बारा वर्षे आधी. त्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा ठरते. एरवी या क्षेत्रात कायद्यापेक्षा पुस्तिका लवकर उपयोगी पडते. तिच्यातल्या देखभालीच्या तक्त्यात प्रत्येक भागापुढे 'तपासा', 'स्वच्छ करा' किंवा 'बदला' यांचे खुणेचे अक्षर असते. बिल फुगते ते बहुधा 'तपासा'चे 'बदला' झाल्याने.

संशयाचीही किंमत असते, हे इथे सांगायला हवे. आमच्याच एका मित्राने अशा दोन-तीन अनुभवांनंतर ठरवले, की गॅरेजवाला सांगेल त्याला नाहीच म्हणायचे. मागचा ब्रेक शू झिजलाय, लायनर उरलेले नाही, असे मिस्त्रींनी दोनदा सांगितले. यांनी दोनदा टाळले. पहिल्याच पावसात जालना रस्त्यावर समोर बैलगाडी आली आणि मोटारसायकल थांबली नाही. हात मोडला, दीड महिना प्लॅस्टर होते. मिस्त्री बरोबर होते. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांबद्दल कोणी काही सुचवले, तर आम्ही आता आधी चाक उघडून दाखवायला सांगतो, आणि डोळ्यांनी दिसले की घासाघीस न करता काम करून घेतो.

बिल घेऊन आलेले आमचे सहकारी पुढच्या वेळी पुस्तिका काखोटीला मारूनच सर्व्हिसिंगला गेले. जॉब कार्डवर सही करण्याआधी एकेका कामापुढे ते पुस्तिकेत कुठे आहे ते विचारले, अंदाजे खर्च लिहून घेतला आणि "बदललेला प्रत्येक जुना भाग परत द्या" असे कार्डावर लिहायला लावले. समोरच्या मुलाने वाद घातला नाही; तीन कामे स्वतःच खोडली. एअर फिल्टर मात्र बदलावा लागेल, असे तो म्हणाला. पुस्तिकेत त्या किलोमीटरला नुसते 'तपासा' होते. खाली बारीक अक्षरांत धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळी सूचना होती. जुना फिल्टर कागदी पिशवीतून शाळेत आला. आठवीच्या मुलांनी त्याच्यामागे बॅटरी धरून पाहिली. नव्याच्या घड्यांतून उजेड येत होता, जुन्यातून जवळजवळ नाही. मग त्यांनी तो वर्तमानपत्रावर आपटला, पडलेली माती शाळेच्या तराजूत तोलली आणि ती आपल्याच शिवारातली काळी माती आहे, हेही रंगावरून ठरवून टाकले.