चौकाच्या दोन बाजू : किंग्ज लिनच्या वास्तूंकडे पाहताना

इंग्लंडमधल्या जुन्या गावांचा अभ्यास करू पाहणारा वाचक बहुधा दोन वाटांपैकी एक धरतो. एक चर्चची : कमानी, मनोरे, रंगीत काचा. दुसरी नगरकारभाराची : सभागृह, बाजार, जकातघर. दोन्हींवर मोलाचं लेखन झालं आहे. तरीही या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचं स्वागत करताना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की या वास्तू पहिल्या दिवसापासून एकत्र पाहा. त्या उभारणारी माणसं पुष्कळदा तीच होती, आणि पैसाही तोच.

नॉरफक परगण्यातलं किंग्ज लिन हे याचं फार बोलकं उदाहरण. ग्रेट ऊज नदीकाठचं हे बंदर. इथलं सेंट मार्गारेटचं चर्च नॉरिचचे बिशप हर्बर्ट द लोसिंगा यांनी ११०१ मध्ये स्थापलं. गाव बिशपांच्या सत्तेखालचं, म्हणून बिशप्स लिन. १५३७ मध्ये आठव्या हेन्रीने ते ताब्यात घेतलं आणि किंग्ज लिन झालं. चर्चपुढे शनिवारचा बाजार भरे. त्याच चौकात समोर ट्रिनिटी गिल्डहॉल आहे. त्याची दर्शनी भिंत गडद चकमकीचा दगड आणि फिका दगड यांच्या चौकटींनी बुद्धिबळाच्या पटासारखी सजली आहे. ट्रिनिटी गिल्ड हा व्यापाऱ्यांचा संघ. हाच संघ दिवंगत सभासदांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या पुरोहितांचा खर्चही उचली.

जुना गिल्डहॉल १४२१ च्या आगीत जळाला. आजची इमारत त्यानंतरची. त्या आगीचं वर्णन मार्जरी केंपच्या आत्मकथनात येतं. ज्वाळा चर्चपर्यंत पोहोचणार, तोच प्रार्थनेनंतर बर्फ पडला आणि चर्च वाचलं, असं ती सांगते. मार्जरी याच गावची. तिचे वडील जॉन ब्रनम पाच वेळा इथले महापौर होते. तिने दुसऱ्यांकडून लिहवून घेतलेल्या या ग्रंथाचं हस्तलिखित १९३४ मध्ये उजेडात आलं. अभ्यासकाला याहून मोठी देणगी क्वचितच मिळते : त्या भिंतींच्या सावलीत वावरलेल्या बाईचा आवाज.

तिच्या ग्रंथात एक तंटाही नोंदला आहे, आणि मला तो कोणत्याही कमानीइतकाच महत्त्वाचा वाटतो. गावाच्या उत्तर भागात मंगळवारचा बाजार वाढला, तिथल्यांसाठी सेंट निकोलस हे उपचर्च झालं. पंधराव्या शतकात ते भव्य रूपात पुन्हा बांधलं गेलं. छताच्या लाकडात पंख पसरलेले देवदूत कोरले गेले. पण बाप्तिस्म्याचा हक्क मात्र सेंट मार्गारेटकडेच राहिला. श्रीमंत रहिवाशांनी तो मिळवण्यासाठी खटपट केली, ती फसली. मार्गदर्शक पुस्तकं देवदूतांपाशी थांबतात. तुम्ही थांबू नका. एवढ्या मोठ्या वास्तूला काय नाकारलं गेलं, तेही विचारा.

सेंट मार्गारेटमध्ये गेलात की नजर आधी खाली ठेवा. ॲडम द वॉलसोकन (मृत्यू १३४९) आणि रॉबर्ट ब्राउंच (मृत्यू १३६४) यांचे फ्लेमिश घडणीचे प्रचंड पितळी स्मृतिपट इथे आहेत. दोघेही महापौर. ब्राउंचच्या पटाच्या तळाशी मोराच्या मेजवानीचं दृश्य कोरलेलं आहे : चर्चमध्ये, मृत्यूच्या स्मारकावर, गावच्या वैभवाची पंगत. शेजारच्या गल्लीत जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघाचं १४७५ चं गोदाम आजही उभं आहे. फ्लॅंडर्सचं पितळ इथवर कसं पोहोचलं असेल, याचा अंदाज त्या वाटेवर येतो.

पाण्याचा हिशेबही चर्चनेच ठेवला. मनोऱ्यावरच्या चंद्रघड्याळात हिरवा ड्रॅगन भरतीची वेळ दाखवतो, आणि पश्चिम दाराशी १९५३ व १९७८ च्या पुरांच्या पातळ्या दगडात कोरल्या आहेत. फ्रान्सिस्कन मठ १५३८ मध्ये बंद झाला, पण त्याचा मनोरा जहाजांना दिशा दाखवण्याच्या कामाचा, म्हणून राहिला.

धर्मसुधारणेनंतर गिल्ड संपल्या, ट्रिनिटीचं सभागृह नगरसभेकडे गेलं. १६८३ मध्ये व्यापाऱ्यांच्या देवघेवीसाठी हेन्री बेलने नदीकाठी देखणी इमारत रचली. पुढे तीच जकातघर म्हणून ओळखली गेली. हा वास्तुकार पुढे दोनदा गावचा महापौर झाला. त्याची इमारत पाहिल्यावर पुन्हा शनिवारच्या चौकात या आणि नगराच्या दप्तरात चौदाव्या शतकातलं रेड रजिस्टर पाहायला मागा. भिंतींनी न सांगितलेली पुष्कळ नावं तिथे भेटतील.