जामियाच्या उस्तादांची प्रतिज्ञा

शाळा मोठी कशाने होते, इमारतीने की उस्तादांनी? दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियाचा इतिहास या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देतो.

२९ ऑक्टोबर १९२० रोजी, असहकार व खिलाफत चळवळीच्या ऐन भरात, ही संस्था अलिगढ येथे स्थापन झाली. सरकारी मदत घ्यायची नाही, हा तिचा बाणा होता. त्यामुळे तिच्या पदव्यांना सरकारमान्यता नव्हती आणि त्यांवर सरकारी नोकरीची आशाही नव्हती. चळवळ ओसरली तशा देणग्या आटल्या. १९२५ मध्ये संस्था दिल्लीच्या करोलबागेत आली, पण हलाखी संपली नाही.

अशा वेळी, १९२६ साली, बर्लिनहून अर्थशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन परतलेले डॉ. झाकीर हुसेन तिथे रुजू झाले. आबिद हुसेन व मोहम्मद मुजीब हे मित्रही सोबत होते. झाकीर साहेबांचे वय तेव्हा अवघे २९ होते. १९२७ च्या अखेरीस संस्थेचे मोठे आधारस्तंभ हकीम अजमल खान यांचे निधन झाले. मग १९२८ मध्ये तेथील काही उस्तादांनी प्रतिज्ञा घेतली की, वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि दरमहा १५० रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही.

हा त्याग जितका मोठा, तितकाच या उस्तादांचा मुलांवरील विश्वास मोठा होता. प्राथमिक शाळेतील मुले स्वतःची बँक आणि दुकान चालवीत. हिशेब चुकला तर तो त्यांनीच शोधायचा. मूल जबाबदारी पेलू शकते असे उस्तादांनी गृहीत धरले, आणि मुले ती पेलायला शिकली. १ मार्च १९३५ रोजी ओखला येथे नव्या इमारतीची पायाभरणी झाली. हा मान कोणा नवाबाला किंवा पुढाऱ्याला दिला नाही. शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून पायाचा दगड बसविण्यात आला!

या कार्याचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकीर साहेबच होते. हाताने काम करीत शिकण्याची 'नई तालीम' योजना त्या समितीने मांडली. पुढे, १९६७ साली, हे शिक्षक भारताचे राष्ट्रपती झाले. जामियाला १९६२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा आणि १९८८ मध्ये केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पालक बंधू-भगिनींनो, 'आमचे पोर काय शिकणार?' असे आपण घरी म्हणतो आणि शिक्षकानेही वर्गात तेच मानले, तर मूलही तेच खरे धरते. म्हणून शिक्षकाची कदर करा, त्याच्याकडून मेहनतीची अपेक्षा ठेवा आणि आपल्या मुलावर भरवसा ठेवा. विद्यार्थी मित्रांनो, कोणी उस्ताद तुमच्याकडून अधिक मागत असेल तर त्रासू नका. तुम्ही अधिक देऊ शकाल, असे त्याला वाटते म्हणूनच तो मागतो.