कर्णाची मैत्री आणि भरसभेतला शब्द

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण सहज म्हणतो. गोष्टीतल्या माणसांचीही पारख आपण संगतीवरूनच करतो. पण महाभारतातल्या कर्णापाशी आलो की मन दोन्हीकडे ओढलं जातं.

त्याला दुर्योधन कसा भेटला ते आधी पाहू. हस्तिनापुरात राजपुत्र आपली शस्त्रविद्या दाखवत होते. कर्ण अर्जुनाशी लढायला उभा राहिला, तेव्हा कृपाचार्यांनी त्याचं कूळ विचारलं. कर्णाची मान खाली गेली. दुर्योधनानं त्याला तिथल्या तिथं अंगदेशाचा राजा केलं आणि बदल्यात फक्त मैत्री मागितली. सारथ्याचा मुलगा म्हणून भीमानं हिणवलं, तेव्हाही दुर्योधनच पाठीशी उभा राहिला. अशा मित्राला धरून राहिला, यात कर्णाचा काय दोष?

दोष पुढे आहे. द्यूताच्या सभेत द्रौपदीला ओढत आणलं. मोठमोठे लोक गप्प बसले. दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण उठला आणि हा अधर्म आहे असं म्हणाला. त्याला गप्प केलं ते कर्णानं. द्रौपदीला अपशब्द बोलला तो कर्ण. तिची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणाराही तोच.

यावर आपल्याकडे एक उत्तर तयार असतं. स्वयंवरात तिनंच त्याला सूतपुत्र म्हणून नाकारलं होतं, म्हणून तो चिडला! म्हणजे दोष पुन्हा बाईवरच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताच्या शेकडो हस्तलिखित पोथ्या ताडून पाहिल्या. त्या अभ्यासकांनी द्रौपदीचा हा नकार मूळ पाठात धरला नाही. तो नंतर जोडलेला भाग ठरला. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ कादंबरी आली आणि असंख्य वाचकांना कर्णाबद्दल माया वाटली. माया वाटावी असंच त्याचं आयुष्य आहे. पण ती माया द्रौपदीच्या माथी दोष मारून नको.

खुद्द कर्णही तसं करत नाही. युद्धाआधी कृष्णानं त्याला जन्माचं सत्य सांगितलं, राज्य देऊ केलं. कर्णानं मित्राला सोडलं नाही. पण दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून आपण पांडवांना टोचून बोललो आणि त्याचा आता पस्तावा होतो, हे त्यानं कबूल केलं.

आता विकर्णाकडे पाहा. त्यानंही भावाची बाजू सोडली नाही. त्याच बाजूनं लढताना तो भीमाच्या हातून मेला. तरी सभेत खरं बोलला. म्हणजे निष्ठा आणि खरा शब्द एकत्र राहू शकतात.

म्हणून आम्हाला वाटतं, माणसाचा मित्र कोण एवढंच पाहून भागत नाही. मित्र चुकला तेव्हा तो काय बोलला, हेही पाहावं. आपल्या गटातही अडीनडीला धावून आलेली एखादी असते. तिचे उपकार विसरू नयेत. पण तीच उद्या दुसऱ्या बाईला चारचौघींत घालूनपाडून बोलली, तर आपण कर्ण होणार की विकर्ण? पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.